शाल नको, पेन्सिल द्या

११ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. त्या दिवशी भारतातल्या निवडक चित्रपटगृहांत 'वेदरिंग विथ यू' हा जपानी अ‍ॅनिमेशनपट लागला. कुणा बड्या वितरकाला तो आणायची घाई नव्हती. घाई होती ती पोरांना. त्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली, पन्नास हजारांवर सह्या गोळा केल्या आणि सिनेमा भारतात आणायला लावला. दिग्दर्शक माकोतो शिंकाई त्याआधीच दिल्लीला येऊन चाहत्यांना भेटून गेला होता.

त्याच शुक्रवारी मुंबईत राम मोहन गेले. वय ८८. भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक असं त्यांना म्हटलं जायचं, २०१४ साली पद्मश्रीही मिळाली होती. सह्या करणाऱ्या त्या पन्नास हजारांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक होतं, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ठेवला असता तर तो बघवला नसता.

यात पोरांचा दोष नाही. ज्याचं काम आवडतं त्याला ती शोधून काढतात, त्याच्यासाठी उन्हातान्हात रांगा लावतात. राम मोहन त्यांना कुणी दाखवलेच नाहीत. ज्या माणसाने आपलं आयुष्य चित्रं हलवण्यात घालवलं, त्याला चाहत्यांसमोर बसवायची सोय आपल्याकडे नव्हती आणि अजूनही जेमतेमच आहे. हा लेख त्या सोयीबद्दल आहे. तो पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडला बसून लिहिला आहे, कारण ही सोय सर्वांत कमी आहे ती अशाच ठिकाणी, आणि चाहते मात्र इथे भरपूर आहेत.

दौंड जंक्शनवर सकाळच्या पुण्याच्या डेमूला उभं राहिलं की हे कळतं. पाटस, केडगाव, यवत, उरुळी करत हडपसरला उतरणारी कॉलेजची पोरं, सीझन पास खिशात, सॅकला नारुतोची किंवा 'वन पीस'च्या लुफीची किचेन. फोनवर हिंदीत डब केलेली मालिका चालू, एक इअरफोन याच्या कानात, दुसरा शेजारच्याच्या. शिरूरला रेल्वे नाही. तिथली पोरं नगर रस्त्याने एसटीने जातात, शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीत तासन्‌तास अडकतात, त्यामुळे त्यांचे भाग जास्त बघून होतात एवढाच फरक. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' आला तेव्हा मोठ्या शहरांत पहाटेपासून खेळ लावावे लागले. पहाटेचा खेळ म्हणजे दौंडकराला आदल्या रात्रीच पुण्याला मुक्कामी जाणं आलं. तरी जाणारे गेले.

चित्रकलेच्या सरांना विचारा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या वह्यांची मागची पानं बघा. पुढच्या पानांवर स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती. मागे मोठ्या डोळ्यांची, उभ्या केसांची जपानी मंडळी. ती कुणी शिकवलेली नाहीत. मुलं थांबवलेल्या पडद्यावरून रेषा उचलतात, आणि खरं सांगायचं तर पुढच्या पानांपेक्षा मागच्या पानांवरची रेषा अधिक जिवंत असते. परीक्षकाला ते दिसत नाही, कारण मागचं पान परीक्षेला जात नाही.

फॅन कन्व्हेन्शन, म्हणजे चाहत्यांचा मेळा, ही चीज मूळची अमेरिकेतली. १९३९ मध्ये न्यू यॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांनी पहिलं जागतिक संमेलन भरवलं. १९७० मध्ये सॅन डिएगोच्या एका हॉटेलात कॉमिकवेड्यांनी मेळा भरवला तेव्हा तीनशेच्या आसपास माणसं जमली. आज तिथे लाखाच्या वर जातात. टोकियोत १९७५ च्या डिसेंबरात कॉमिकेट सुरू झालं तेव्हा बत्तीस गट आणि सातशेच्या आसपास लोक होते. आपल्याकडे २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिलं कॉमिक कॉन भरलं, मग मुंबई, बंगळूर, हैदराबाद झालं, आणि पुण्यालाही होऊ लागलं. शिरूर-दौंडच्या पोरांना पुण्याचं परवडतं. तिकीट, प्रवास, वडापाव आणि एखादं पोस्टर, एवढ्यात दिवस निघतो. पुठ्ठा, फोम शीट आणि स्प्रे पेंट वापरून घरीच केलेली तलवार घेऊन डेमूत चढणाऱ्या मुलाकडे डब्यातले लोक जरा बघतात, मग सरकून जागा देतात. खंडोबाच्या यात्रेला वाघ्या-मुरळी, मोहरमला वाघाचं सोंग बघितलेल्या मुलुखात सोंगाचं कुणाला नवल वाटणार?

या मेळ्यात 'गेस्ट' नावाचा एक प्रकार असतो. सॅन डिएगोच्या पहिल्याच मेळ्याला चित्रकार जॅक कर्बी आला होता, लेखक रे ब्रॅडबरी आला होता. बॉब क्लॅम्पेट हा 'वॉर्नर ब्रदर्स'च्या कार्टूनांमधला जुना गडी. बग्ज बनी आणि डॅफी डकच्या सुरुवातीच्या काळातला. सत्तरच्या दशकात तो या मेळ्यांना नेमाने यायचा. त्याच्या कार्टूनांवर वाढलेली पिढी त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहायची. तो गेल्यावर १९८४ पासून मेळ्याने त्याच्या नावाने पुरस्कारच सुरू केला. गंमत अशी की हे लोक ऐन उमेदीत असताना त्यांना कुणी ओळखत नव्हतं. लोकांना नाव ठाऊक असायचं ते स्टुडिओचं. अ‍ॅनिमेटरला चेहरा दिला तो चाहत्यांनी, आणि तोही म्हातारपणी.

आता आपली रीत बघू. पाहुणा येतो, त्याला व्यासपीठावर बसवतात, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. परिचय करून देणारा पाहुण्यापेक्षा जास्त बोलतो. मग पाहुणा बोलतो, आभार होतात, राष्ट्रगीत होतं, पाहुणा गाडीत बसतो. साहित्य संमेलनापासून गणेश मंडळाच्या बक्षीस समारंभापर्यंत हाच साचा. त्यात वाईट काही नाही. लेखकाला, पुढाऱ्याला, कीर्तनकाराला तो चालतो, कारण त्यांचं काम तोंडाने चालतं. अ‍ॅनिमेटरचं काम हाताने चालतं. त्याच्या हातात नारळ दिलात की त्याचा हात अडकला.

मेळ्यात त्याला टेबल देतात. टेबलावर कागद, पेन्सिल. समोर रांग. पोरगं येतं, वही पुढे करतं, म्हातारा दोन मिनिटांत एक आकृती उभी करतो, पोरगं त्या दोन मिनिटांत हात कुठून सुरू झाला आणि कुठे टेकला ते डोळ्यांनी गिळतं. याला शिकवणं म्हणतात. आपल्या व्यंगचित्रकारांच्या संमेलनांत हे थोडंफार होत आलं आहे. कार्टूनिस्टस् कंबाईनच्या मेळाव्यांत प्रेक्षकांसमोर अर्कचित्रं काढली जातात. अ‍ॅनिमेटर मात्र त्या मांडवातही क्वचित दिसतो.

राम मोहन पेन्सिलपर्यंत कसे आले ते सांगायला हवं, कारण ती वाट शिरूर-दौंडच्या मुलाला ओळखीची वाटेल. शिक्षण रसायनशास्त्राचं. घरच्यांच्या मनातली नोकरी वेगळी असणार, हे सांगायला नको. मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये कार्टून फिल्म युनिट उभं केलं, त्यात हा तरुण शिरला. शिकवायला आले होते क्लेअर वीक्स. मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मलेले, पुढे डिस्नेच्या स्टुडिओत 'स्नो व्हाइट' आणि 'बाम्बी'वर काम केलेले. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून ते आले आणि इथल्या मुलांना त्यांनी लाइट बॉक्स, पेगबार, एक्स-शीट शिकवली. त्या शिकवणीतून १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' झाला. गोष्ट जातकातली आणि चित्रांची धाटणी अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतलेली. डिस्नेचा माणूस शिकवतोय आणि हरणं अजिंठ्याची, हे त्या काळच्या सरकारी खात्याला सुचलं याचं आज आश्चर्य वाटतं.

काम किती किचकट होतं? पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं. सात मिनिटांच्या फिल्मला पाच हजारांवर. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीचे मोक्याचे टप्पे काढणार, मधली चित्रं इन-बिट्वीनर भरणार. कागद पेगबारच्या खुंट्यांवर बसवून बोटांनी मागे-पुढे फडफडवत हालचाल तपासायची. पेन्सिल टेस्ट पसंत पडली की रेषा पारदर्शक सेलवर शाईने उतरवायची, सेल उलटं करून मागून रंग भरायचा, म्हणजे रेषा स्वच्छ राहते. मग एकेक सेल पार्श्वभूमीवर ठेवून वर टांगलेल्या रोस्ट्रम कॅमेऱ्याखाली एकेक चौकट टिपायची. धुळीचा एक कण बसला तरी तो पडद्यावर लाडवाएवढा दिसायचा. एवढं करून फिल्म थिएटरात जायची कशी? मुख्य सिनेमाआधी सरकारी लघुपट दाखवण्याची सक्ती होती म्हणून. लोक ते चालू असताना बाहेर शेंगदाणे घेत, बिडी ओढत. तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये तर सरकारी फिल्म म्हणजे जागा धरायचा वेळ. पाच हजार चित्रं काढणाऱ्याचं नाव कोण वाचणार?

त्या युनिटात मराठी माणसं होती. जी. के. गोखले, १९३९ मध्येच 'सुपरमॅन्स मिथ' नावाची कार्टून फिल्म करणारे आणि १९६६ मध्ये 'होमो सॅप्स' करणारे. व्ही. जी. सामंत आणि बी. आर. शेंडगे, यांनी १९६५ मध्ये 'माय वाइज डॅडी' केली. मराठी वाचक, मराठी नाट्यप्रेमी बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवतो. कुठल्या नाटकाचा पहिला प्रयोग कुठल्या नाट्यगृहात झाला ते सांगतो. पण गोखले-सामंत-शेंडगे म्हटलं तर त्याला एखादी वकिलांची कंपनी वाटेल.

राम मोहन १९६८ मध्ये सरकारी नोकरी सोडून प्रसाद प्रॉडक्शन्समध्ये गेले. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःचा 'राम मोहन बायोग्राफिक्स' काढला. 'यू सेड इट' आणि 'फायर गेम्स' या फिल्म्सना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. हिंदी सिनेमात त्यांचं काम तुम्ही नक्की पाहिलं आहे. 'भुवन शोम'मधलं अ‍ॅनिमेशन, 'शतरंज के खिलाडी'ची व्यंगचित्रात्मक सुरुवात, 'पती पत्नी और वो'. नव्वदच्या दशकात युनिसेफसाठी त्यांनी 'मीना' केली. शाळेत जायचा हट्ट धरणारी मुलगी आणि तिचा मिठू पोपट. ती भारतात जेवढी पोचली त्याहून जास्त बांगलादेशात पोचली.

'भुवन शोम'वरून आठवलं. त्या सिनेमात पहिल्यांदा पडद्यावर आलेल्या सुहासिनी मुळे यांच्या आई विजया मुळे. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. १९२१ मध्ये मुंबईत जन्म, लग्नानंतर पाटण्यात. तिथे त्यांना फिल्म सोसायटीचा नाद लागला, पुढे दिल्लीतही त्यांनी सोसायटी चालवली. १९५९ मध्ये फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज स्थापन झाली तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष, आणि अक्का सहसचिवांमध्ये. फिल्म सोसायटी म्हणजे दुसरं काय? ज्यांना एखाद्या गोष्टीचं वेड आहे त्यांनी वर्गणी काढायची, कुठूनतरी रिळं मिळवायची, हॉल धरायचा, खुर्च्या मांडायच्या, आणि मग रात्री उशिरापर्यंत वाद घालायचे. आजच्या कॉमिक कॉनवाल्या पोरांची ही आजीच. ही चाहती पुढे शिक्षण खात्यातून अ‍ॅनिमेशनपर्यंत आली आणि १९७४ मध्ये तिने 'एक अनेक और एकता' केली. चित्रांची आणि अ‍ॅनिमेशनची बाजू भीमसेन यांची, संगीत वसंत देसाईंचं, आणि आवाज एका छोट्या मुलीचा. ती मुलगी दाभोळची, पुढची साधना सरगम. जेमतेम सात मिनिटांची ही फिल्म दूरदर्शनवर इतक्या वेळा लागली की आज पन्नाशीत असलेल्या शिरूरच्या माणसालाही तिच्या चिमण्या आणि जाळं घेऊन उडणारी पाखरं डोळ्यांसमोर दिसतात. दिग्दर्शिका मराठी होती, संगीतकार मराठी होता, गाणारी पोर मराठी होती, हे त्याला सांगितलं की तो चकित होतो. अक्का १९ मे २०१९ ला गेल्या, राम मोहन यांच्या पाच महिने आधी.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चाहता आणि कलावंत या दोन वेगळ्या जाती नाहीत. अक्का आधी चाहत्या होत्या. मागच्या पानावर नारुतो काढणारा दौंडचा मुलगाही त्याच टप्प्यावर उभा आहे. त्याला पुढचा टप्पा दिसत नाही इतकंच.

तसं म्हटलं तर चित्र हलवायची हौस या मुलुखाला कुणी बाहेरून लावलेली नाही. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागून दिवा, आणि पडद्यावर रामायण-महाभारतातली पात्रं हालचाल करताना दिसायची. त्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १८९२ ला, पॅरिसमध्ये एमिल रेनो याने हाताने रंगवलेल्या पट्ट्यांचा हलता खेळ लोकांना दाखवला. जग आज तोच दिवस आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिन म्हणून पाळतं. पटवर्धनांना रेनो माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि रेनोला कल्याण कुठे आहे ते माहीत नसणार. पुढे दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एका कुंडीत वाटाण्याचं बी लावून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि पडद्यावर काही क्षणांत अंकुर वाढताना दाखवला. भांडवल देणाऱ्याला पटवायला तेवढं पुरलं. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडी थोडी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. ती फिल्म आज उरलेली नाही. प्रभात फिल्म कंपनीनेही १९३४ मध्ये, कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर लगेच, 'जंबू काका' नावाचं कार्टून करून पाहिलं. करणारे रघुनाथ केळकर. आज त्या आवारात एफटीआयआय आहे.

आणि आपले गणपतीतले हलते देखावे? मोटर, दोरी, कप्पी, लाकडी हात. अफजलखानाचा वध दर सव्वा मिनिटाला. रांजणगावच्या महागणपतीला जाऊन आलेली पोरं संध्याकाळी मंडळाच्या मांडवामागे जाऊन दोरी कुठे बांधलीय ते बघतात. पुढे येऊन देखावा बघणाऱ्यांपेक्षा मला ती पोरं अधिक कामाची वाटतात.

राम मोहन यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम ज्या सिनेमावर झालं, तो नेमका जपानी. युगो साको नावाचा जपानी माहितीपटकार ऐंशीच्या दशकात अलाहाबादजवळच्या उत्खननावर फिल्म करायला भारतात आला, रामायणात अडकला, आणि त्याने ते जपानी पद्धतीच्या अ‍ॅनिमेशनमध्ये करायचं ठरवलं. भारत सरकारने सहनिर्मितीला नकार दिला. कारण विषय नाजूक. विश्व हिंदू परिषदेनेही आक्षेपाचं पत्र धाडलं होतं. शेवटी पैसा जपानचा लागला आणि काम टोकियोत झालं. दिग्दर्शक तिघे, साको, कोइची सासाकी आणि राम मोहन. सुमारे एक लाख सेल हाताने रंगवली गेली. भारतीय अ‍ॅनिमेटर जपानी सहकाऱ्यांना दाखवत की धोतर नेसलं की निऱ्या कशा पडतात, थोरांच्या पाया पडताना मूल कसं वाकतं आणि आशीर्वादाचा हात कुठे येतो. जपानी हाताला हे सांगावं लागतं. आपल्या मुलांना ते वेगळं सांगावं लागत नाही, पण कागदावर उतरवायला त्यांनाही कुणीतरी दाखवावं लागतंच.

'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. देश तेव्हा अयोध्येच्या प्रकरणाने पेटलेला, सिनेमाला थिएटर मिळालं नाही. नंतर हिंदी आवाज आले, रामाला अरुण गोविल, रावणाला अमरीश पुरी, आणि टीव्हीवर बघून एक अख्खी पिढी त्यावर वाढली. त्या पिढीने मोठं झाल्यावर त्याचा पाठपुरावा सोडला नाही. २४ जानेवारी २०२५ ला तो स्वच्छ केलेल्या प्रतीत भारतभर थिएटरांत लागला. तोवर साको जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, राम मोहन जाऊन पाच. सिनेमा संपल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांच्या समोर टेबलावर बसून निऱ्यांची रेषा काढून दाखवायला या दोघांतलं कुणी उरलं नव्हतं.

व्ही. जी. सामंतांच्या वाट्याला निदान एक दिवाळी आली. फिल्म्स डिव्हिजनमध्ये घडलेल्या या माणसाने पुढे मिलिंद उके यांच्यासोबत 'हनुमान' केला. तो २१ ऑक्टोबर २००५ ला, दिवाळीच्या तोंडावर, लागला आणि चालला. शाळांनी मुलांना रांगेने नेऊन दाखवला. तुमच्या घरातलं आज विशी-बाविशीतलं पोरगं लहानपणी 'हनुमान'चं गाणं म्हणत पलंगावरून उड्या मारत होतं की नाही आठवून बघा. दिग्दर्शक सामंत आहेत, आणि त्यांनी चाळीस वर्षं आधी सरकारी फिल्मसाठी सेल रंगवली आहेत, हे तेव्हा पोस्टर बघणाऱ्याला कुणी सांगितलं नाही.

आजचं चित्रही फार निराळं नाही. 'मोटू-पतलू' खेड्यापाड्यांतल्या घराघरांत लागतं. त्याचे दिग्दर्शक सुहास कदव, हे नाव किती आईबापांनी ऐकलं आहे? जे. जे. मध्ये शिकलेल्या, राम मोहन यांच्या स्टुडिओत उमेदवारी केलेल्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' जवळजवळ एकटीने काढली आणि २००६ मध्ये ती कान महोत्सवाला पोचली. त्यांचा 'बॉम्बे रोझ' २०१९ मध्ये व्हेनिसला. त्यात मुंबईतल्या झोपडपट्टीतल्या माणसांची प्रत्येक चौकट हाताने रंगवलेली आहे. आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी 'गूपी गवैया बाघा बजैया' केला. मुंबईत अ‍ॅनिमेटरांची 'टासी' ही संस्था आहे, तिने 'अ‍ॅनिफेस्ट'सारखे मेळावे भरवले. पण हे सगळं मुंबईत, आणि आपसांत. धंद्यातली माणसं धंद्यातल्या माणसांना भेटतात. चाहता दाराबाहेर.

आणि मधल्या काळात चाहत्याच्या हाताशी दुसरंच, कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आलं. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी आपापले फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या धाटणीत बदलून टाकले. लग्नाचे, बारशाचे, बैलपोळ्याचे. शिरूरच्या गल्लीतले फोटोही त्यात होते, मऊ रंग आणि गुबगुबीत ढग घेऊन. मी त्याबद्दल नाक मुरडणार नाही. लोकांना ती धाटणी आवडते म्हणूनच ते हे करतात. पण ज्याने कधी अ‍ॅनिमेटरचा हात चालताना पाहिला आहे, त्याला त्या फोटोत काय राहून गेलं ते लगेच दिसतं. हाताला चूक होते, तो थांबतो, वळतो. हे पाहायला मिळावं म्हणून तर पाहुणा बोलवायचा.

पुण्यात आणि आसपास अ‍ॅनिमेशन शिकवणारे क्लास भरपूर निघाले आहेत. बोर्डवर मोठमोठी स्वप्नं, फी लाखांच्या घरात. त्यांतले काही चांगले आहेत. काही फक्त सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात, आणि शिरूरचा शेतकरी कांद्याच्या पैशातून हप्ते भरतो. प्रवेश घ्यायच्या आधी मुलाने एकदा तरी धंद्यातल्या जुन्या माणसासमोर बसलं असतं, तर आपल्याला सेकंदाला बारा चित्रं काढायची चिकाटी आहे का, याचं उत्तर फुकटात मिळालं असतं. चिकाटी नसेल तर पैसे वाचले. असेल तर क्लास कुठलाही असो, पोरगं तरलं.

दौंड आणि शिरूरमध्ये कॉमिक कॉन भरवा असं मी म्हणत नाही. त्याला प्रायोजक लागतात, मोठा हॉल लागतो, आणि मग तिकीट लागतं. लागणारं सामान त्याहून फार कमी आहे. शाळेचा हॉल, एक लांब टेबल, ए-फोर कागदांचं रीम, बी-च्या पेन्सिली, आणि हाताच्या हालचाली मागच्या ओळीला दिसाव्यात म्हणून वर लावलेला एक मोबाइल आणि प्रोजेक्टर. पाहुणा मुंबईहून दौंडला थेट रेल्वेने येऊ शकतो, हा या तालुक्याचा मोठाच फायदा. शिरूरला पुण्याहून गाडी करावी लागेल. मुंबई-पुण्यात राहणारे, सेल रंगवण्याच्या काळातले, साठी-सत्तरी-ऐंशी ओलांडलेले अ‍ॅनिमेटर अजून आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांचा हात अजून चालतो. त्यांना मानधन द्या, जाण्या-येण्याचा खर्च द्या, दुपारी जेवायला बाजरीची भाकरी आणि पिठलं द्या. भाषण ठेवू नका. परिचय दोन वाक्यांत आटपा. मुलांना वह्या उलट्या धरून, मागचं पान वर करून रांगेत उभं राहू द्या.

आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिन २८ ऑक्टोबरला असतो, म्हणजे बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे. गणेश मंडळांचे कार्यकर्ते, तालुक्यातले कलाशिक्षक, कॉलेजांचे कलामंडळवाले, आपल्यापैकी एकानेही हा दिवस उचलला तरी पुरे. वर्गणीची पावती फाडायची असेल तर पहिली माझ्या नावाने फाडा.